जर्मनीतला कारखाना: माणूस काढत नाहीत, जागा भरत नाहीत

‘जर्मनीचे कारखाने बंद पडताहेत’ अशा मथळ्याची बातमी गेली तीन-चार वर्षं भारतात फिरते आहे. त्यामुळे इंजिनिअरिंग झालेल्या किंवा आयटीआय करून इकडे आउसबिल्डुंगला, म्हणजे कंपनीत काम करत घ्यायच्या व्यावसायिक प्रशिक्षणाला, यायच्या तयारीत असलेल्या मुलांच्या घरून एकच प्रश्न येतो: तिकडे कारखान्यात आता काही उरलंय का? हो किंवा नाही म्हणून हा प्रश्न सुटत नाही, कारण बातमीतला ‘उद्योगाचा वाटा’ नक्की कशाचा आणि कुणी मोजलेला, हे कुणीच सांगत नाही.

आधी आकडे घेऊ. जर्मनीच्या एकूण मूल्यवर्धनात, म्हणजे विकत घेतलेल्या मालाची किंमत वजा जाता देशात निर्माण झालेल्या मूल्यात, कारखानदारीचा वाटा सध्या साधारण २० टक्के आहे. जर्मनी एकत्र झाल्यावर, १९९१ साली, तो २७ टक्क्यांच्या आसपास होता. त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांत तो झपाट्याने उतरला आणि मग जवळपास पंचवीस वर्षं २०-२३च्या पट्ट्यात रेंगाळला. फ्रान्स, ब्रिटन, अमेरिका या तिन्ही देशांत हाच वाटा १० टक्क्यांच्या आगेमागे आहे, त्यामुळे आपल्या तोलाच्या देशांत जर्मनी अजूनही दुप्पट ‘कारखान्यांचा’ देश आहे. देशाच्या आतही सगळीकडे सारखं चित्र नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये हा वाटा ३० टक्क्यांच्या घरात जातो, तर बर्लिनमध्ये दहाच्या आत राहतो. म्हणून ‘जर्मनीत नोकरी’ असं न म्हणता कुठल्या राज्यात आणि कुठल्या जिल्ह्यात, हे आधी विचारावं.

नोकऱ्यांचा वाटा यापेक्षा कमी आहे. देशात काम करणारे एकूण साधारण ४ कोटी ६० लाख लोक, त्यांपैकी कारखानदारीत ७५ लाख, म्हणजे १६ टक्के आणि थोडे वर. नव्वदच्या सुरुवातीला दर चौघांतला एक जण कारखान्यात होता. १६ टक्के माणसं २० टक्के मूल्य निर्माण करतात, याचा सरळ अर्थ असा की कारखान्यातला माणूस देशाच्या सरासरीच्या सव्वापट मूल्य काढतो. वाटा घसरण्याचं अर्धं कारण इथेच आहे. गिअर कापणारं मशीन दर दहा वर्षांनी वेगवान होतं, पण वृद्धाश्रमात आजोबांना आंघोळ घालणारी परिचारिका एका वेळी एकाच आजोबांना आंघोळ घालते. पगार दोघांचेही वाढतात. त्यामुळे वस्तू तुलनेने स्वस्त होते, सेवा महाग होते आणि रुपया-युरोत मोजलेला कारखानदारीचा वाटा आपोआप आकसतो, मग माल पूर्वीइतका निघत असला तरीही. वाटा घसरला म्हणून लगेच छाती बडवायचं कारण नाही.

बातम्यांत आणखी एक घोळ दिसतो. एका बातमीत ‘उद्योगात ५५ लाख कामगार’ असतात आणि दुसरीत ७५ लाख. दोन्ही आकडे खरे आहेत. दर महिन्याचा सरकारी आकडा ५० किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यांचाच असतो, तर ७५ लाखांत सगळे येतात: चार माणसांचं टर्निंगचं (लेथचं) दुकान आणि बेकरीसुद्धा. हो, पाव भाजणारी बेकरी इथे कारखानदारीत मोडते. एका बातमीतला मासिक आकडा दुसरीतल्या वार्षिक आकड्याशी ताडून ‘वीस लाख नोकऱ्या गेल्या’ असं लिहिणारे लोक सापडतात, म्हणून सांगितलं.

कोण कुठे मोजला जातो

जर्मनीत प्रत्येक आस्थापनेला तिच्या मुख्य कामानुसार एक वर्ग मिळतो. खाणी ‘बी’त, कारखानदारी ‘सी’त, वीज ‘डी’त, बांधकाम ‘एफ’मध्ये, वाहतूक आणि गोदामं ‘एच’मध्ये, सफाई, पहारा आणि मजूरपुरवठा ‘एन’मध्ये. माणूस प्रत्यक्षात काय काम करतो याला इथे किंमत नाही, त्याच्या पगारपत्रकावर कुणाचं नाव आहे याला आहे.

हिशोबासाठी हजार माणसांचा एक काल्पनिक कारखाना घ्या. पहिल्या वर्षी कँटीन बाहेर दिलं आणि ४० माणसं केटररच्या नावावर गेली. दुसऱ्या वर्षी गेटवरचे पहारेकरी आणि सफाईवाले मिळून ५० जण गेले. तिसऱ्या वर्षी सॉफ्टवेअर विभागाची वेगळी उपकंपनी निघाली, त्यात ८० गेले. चौथ्या वर्षी निवृत्त झालेल्या १२० कामगारांच्या जागी लाइआर्बाइटवाले आले, म्हणजे मजूरपुरवठा कंपनीने पाठवलेली माणसं. पाचव्या वर्षी तपासलं तर गेटमधून रोज सकाळी तेवढीच हजार माणसं आत जाताहेत आणि ट्रकही तेवढेच भरताहेत. आकडेवारीत मात्र कारखानदारीच्या २९० नोकऱ्या गेल्या आणि सेवाक्षेत्र २९० माणसांनी फुगलं.

हे काल्पनिक असलं तरी फार काल्पनिक नाही. २००३ ते २००५च्या हार्ट्झ सुधारणांनंतर, म्हणजे कामगार आणि बेकारीविषयक कायद्यांतल्या बदलांनंतर, लाइआर्बाइटचे नियम सैल झाले आणि २०१७च्या सुमारास अशा कामगारांची संख्या दहा लाखांपर्यंत पोचली. त्यांतला मोठा भाग कारखान्यांच्या लाइनवरच उभा होता. मंदी आली की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर पडते आणि आकडा घटतो तो सेवाक्षेत्राचा. मंदीच्या पहिल्या सहा महिन्यांत ‘कारखान्यांतल्या नोकऱ्या टिकून आहेत’ अशी बातमी आली, तर मजूरपुरवठ्याचा आकडाही पाहावा.

उलटा प्रकारही आहे. मोटार कंपनीच्या मुख्यालयात कायदा, खरेदी, डिझाइन किंवा जाहिरात बघणारा माणूस ‘सी’तच मोजला जातो. अंगावर कधी तेलाचा डाग पडला नाही तरी तो कारखान्यातला. म्हणून ७५ लाखांचा अर्थ मशीनवरचे ७५ लाख हात असा नाही.

एकाच जमिनीचे तीन वर्ग

पश्चिम जर्मनीतल्या बोखुम शहराच्या लाएर भागात हे सगळं एकाच जमिनीवर घडलेलं दिसतं. तिथे डानेनबाउम नावाची कोळशाची खाण होती, ती पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी बंद झाली. त्याच जागेवर ओपेलने मोटारींचा कारखाना उभारला. तो १९६२ साली सुरू झाला आणि ऐन भरात तिथे २० हजारांहून जास्त लोक कामाला होते. डिसेंबर २०१४मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली. त्या वेळी तीन हजारांच्या वर माणसं उरली होती. आता त्या आवारात पार्सलचं अवाढव्य वर्गीकरण केंद्र आहे, संशोधन संस्था आहेत, सॉफ्टवेअर कंपन्या आहेत. जमीन तीच, पण आकडेवारीत ती ‘बी’तून ‘सी’त आणि ‘सी’तून ‘एच’मध्ये गेली.

माणसांची मोजदाद केली तर बोखुमचा सौदा वाईट दिसत नाही. पगाराची केली तर हिशोब बदलतो. मोटार कारखान्यातल्या कामगाराला धातुउद्योगाचा सामूहिक करार, म्हणजे युनियन आणि कंपन्यांनी मिळून ठरवलेल्या अटी, लागू होता: आठवड्याला ३५ तास, सुट्टीसाठी वेगळा भत्ता, पाळीचा भत्ता. पार्सल केंद्रातल्या कामाला करार असला तरी त्याचा दर वेगळा आहे, आणि फिटर म्हणून साडेतीन वर्षं शिकलेल्या माणसाच्या कौशल्याला तिथे गिऱ्हाईक नाही. नोकरी गेली आणि नोकरी आली, असं म्हणून मोकळं होणारे अर्थतज्ज्ञ नेमकं हेच विसरतात.

पूर्व जर्मनीत हा बदल असा सावकाश झाला नाही. १ जुलै १९९० रोजी पश्चिमेचं चलन, मार्क, पूर्वेत आलं आणि पगार एकास एक दराने बदलून मिळाले. पूर्वेच्या मालाला त्या किमतीत गिऱ्हाईक उरलं नाही. सुमारे साडेआठ हजार सरकारी कंपन्या आणि त्यांतले ४० लाख कामगार ट्रॉइहांड नावाच्या संस्थेकडे सोपवले गेले. १९९४ संपेपर्यंत त्या कंपन्या विकल्या गेल्या, तोडून वाटल्या गेल्या किंवा बंद झाल्या. वर सांगितलेली नव्वदच्या दशकातली झपाट्याची उतरण बरीचशी इथली आहे. पूर्वेतल्या पन्नाशीपुढच्या माणसाशी ‘उद्योगाचा वाटा’ या विषयावर बोलताना जरा जपून बोलावं.

माल घटला, मूल्य तेवढं घटलं नाही

जर्मन कारखान्यांतून निघणाऱ्या मालाचं प्रमाण २०१७-१८च्या सुमाराला शिखरावर होतं. तेव्हापासून ते खाली येतंय आणि आजची पातळी त्या शिखरापेक्षा दहा टक्क्यांहून खाली आहे. मूल्यवर्धन मात्र त्या प्रमाणात पडलं नाही. कंपन्यांनी स्वस्त, साधी मॉडेलं बंद केली आणि महागडी ठेवली. मशीनबरोबर देखभालीचा करार, सॉफ्टवेअर आणि प्रशिक्षण विकायला सुरुवात केली. नगांची संख्या घटली, पण एका नगामागचे पैसे वाढले. भागधारकाला हे चालतं, कारण त्याचा हिशोब पैशात असतो. प्रेसशॉपमधल्या, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या विभागातल्या, माणसाचा हिशोब नगांत असतो, कारण पाळ्या नगांवर ठरतात.

ऊर्जेची कथा त्यात भर घालते. रसायनं, लोखंड-पोलाद आणि इतर धातू, कागद, काच-सिरॅमिक, तेलशुद्धीकरण हे मोजके उद्योग मिळून कारखानदारीच्या मूल्याचा सहावा हिस्सा देतात, पण कारखान्यांना लागणाऱ्या ऊर्जेपैकी तीन चतुर्थांश तेच खातात. २०२२ साली रशियाचा पाइपलाइनचा गॅस थांबला तेव्हा आधी हेच कोसळले. अमोनियासारखी मूळ रसायनं इथे बनवण्याऐवजी बाहेरून आणणं परवडू लागलं. गंमत अशी की उत्पादन जितकं पडलं तितकी माणसं कमी झाली नाहीत. भट्टी निम्म्या क्षमतेवर चालवा नाहीतर पूर्ण, ती सांभाळायला जवळपास तेवढेच लोक लागतात. पण त्या भट्टीची मोठी दुरुस्ती किंवा नूतनीकरण करायची वेळ येते तेव्हा कंपनी कोटी-कोटी युरोंची गुंतवणूक करायची की कुलूप लावायचं हे ठरवते. रसायन उद्योगातल्या नोकरीचा धोका म्हणूनच आजच्या विक्रीवरून कळत नाही. पुढची मोठी दुरुस्ती केव्हा आहे आणि तिला मंजुरी मिळालीय का, हे मुलाखतीत बिनधास्त विचारा. चांगल्या मॅनेजरला हा प्रश्न आवडतो.

गिअरबॉक्स उघडून बघू

मोटार उद्योगात माणसं कशी कमी होतात, हे एका गिअरबॉक्सवरून सगळ्यात चांगलं कळतं. मोठ्या पेट्रोल-डिझेल गाडीच्या आठ गतींच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये चार प्लॅनेटरी गिअरसंच आणि पाच क्लच-ब्रेक असतात, शिवाय हायड्रॉलिक व्हॉल्व्हचं अख्खं गाव. इलेक्ट्रिक गाडीत बहुतेक वेळा एकाच गतीचा दोन टप्प्यांचा रिड्यूसर, म्हणजे मोटरचे फेरे कमी करून चाकांना देणारा गिअरसंच, पुरतो: चार गिअर, त्यांतला शेवटचा डिफरेन्शियलवर (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या भागावर) बसलेला, आणि झालं. क्लच नाहीत, व्हॉल्व्ह बॉडी नाही, गती बदलायचं सॉफ्टवेअरही नाही.

आता यातल्या एका गिअरचा प्रवास पाहा. फोर्ज केलेला ब्लँक, म्हणजे ठोकून घडवलेला पोलादाचा तुकडा, टर्निंगला जातो, मग हॉबिंग मशीनवर दात कापले जातात, मग कडांवर उरलेली बर (धातूची कुसळं) काढतात. पुढे फर्नेसमध्ये ९०० ते ९५० अंशांना त्याच्या पृष्ठभागात कार्बन मुरवतात आणि तेलात किंवा वायूच्या झोतात विझवतात. या विझवण्यात गिअर किंचित वाकडा होतो. हे वाकणं मिलिमीटरच्या काही शतांश भागांचंच असतं, पण दाताच्या मानाने ते पुष्कळ आहे. जुन्या गिअरबॉक्समध्ये बऱ्याच गिअरांना हार्डनिंगच्या, म्हणजे या कडक करण्याच्या, आधी शेव्हिंग करून (दाताचा पातळ थर खरवडून) सोडून देत. विझवताना किती वाकणार याचा अंदाज घेऊन दात आधीच थोडा उलटा कापायचा, आणि जो काही किरकोळ आवाज उरेल तो इंजिनाच्या आवाजात बुडून जायचा.

इलेक्ट्रिक गाडीत इंजिनाचा आवाजच नाही, आणि मोटर मिनिटाला पंधरा हजारांच्या वर फेरे घेते. दाताच्या पृष्ठभागावर एका मायक्रॉनच्या आसपासची नियमित लाट राहिली तरी केबिनमध्ये शिट्टीसारखा आवाज येतो. ही लाट बहुतेक वेळा ग्राइंडिंग मशीनच्या स्पिंडलच्या (फिरत्या दांड्याच्या) किंवा ड्रेसिंगच्या (घासायच्या चाकाला पुन्हा धार-आकार देण्याच्या) थरथरीतून येते. मोजणीत दाताचा आकार पास होतो आणि गाडी तरीही गुणगुणते. म्हणून आता प्रत्येक गिअर हार्डनिंगनंतर ग्राइंड होतो, काही गिअरांना होनिंग (आणखी बारीक घासणी) किंवा पॉलिशिंगही होतं, आणि नमुने काढून तपासायच्या जागी प्रत्येक नगाची चाचणी होते.

एका गिअरमागचं काम वाढलं, पण गिअरच मोजके उरले. हॉबिंगच्या ओळी रिकाम्या पडतात. ग्राइंडिंग आणि मापनाला माणूस मिळत नाही. क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, इंजेक्टर आणि सायलेन्सरच्या ओळींवर तर बदलून करायलाच काही नाही. इलेक्ट्रिक मोटरचं तांब्याचं वाइंडिंग, लेझर वेल्डिंग आणि रेझिन भरणं पहिल्या दिवसापासून स्वयंचलित आहे, आणि बॅटरीचे सेल बहुतांशी आशियाई कंपन्यांकडून येतात. झेडएफ या गिअरबॉक्सवाल्या कंपनीने २०२४ साली जर्मनीतल्या १४ हजारांपर्यंत जागा २०२८च्या अखेरपर्यंत कमी करायचं जाहीर केलं. त्याचं मूळ बऱ्याच अंशी या चार गिअरांत आहे.

वाटा अजिबात न हलता काम पूर्ण बदललेलीही उदाहरणं आहेत. पूर्वेकडच्या ग्योर्लिट्झ शहरात १८४९पासून रेल्वेचे डबे बनत होते. तो कारखाना आता रणगाड्यांचे भाग बनवणाऱ्या केएनडीएसकडे गेला आणि सातशेतले निम्मे किंवा थोडे जास्त कामगार तिकडे सामावले जाणार असं ठरलं. ‘सी’ वर्गाच्या दृष्टीने काहीच घडलं नाही.

जागा न भरण्याची पद्धत

माणसं कमी करायची तर इथे नोटीस हा शेवटचा मार्ग मानतात. फोक्सवागनचा डिसेंबर २०२४चा करार बघा. जर्मनीतल्या ३५ हजारांहून जास्त जागा २०३०पर्यंत कमी होणार, पण त्याच कराराने २०३०च्या अखेरपर्यंत सक्तीने काढून टाकायला मनाई केली. हे जमतं कसं? इथल्या लोकसंख्येत १९६४ हे सगळ्यात मोठं वर्ष आहे. दोन्ही जर्मनी मिळून त्या वर्षी साडेतेरा लाखांहून जास्त मुलं जन्मली. ती आता निवृत्तीच्या दारात आहेत. त्यांना आल्टर्सटाइलत्साइट, म्हणजे निवृत्तीआधीचं अर्धवेळ काम, दिलं जातं: उदाहरणार्थ सहा वर्षांचा करार, पहिली तीन वर्षं पूर्ण काम, पुढची तीन घरी, पगार सहाही वर्षं निम्मा आणि वर कंपनीची भर. ही भर कायद्याने निम्म्या पगाराच्या किमान २० टक्के असावी लागते, पण मोठ्या कंपन्यांत ती बरीच जास्त असते. घरी बसलेल्या तीन वर्षांतही हा माणूस नोकरदारांच्या सरकारी आकड्यात राहतो. म्हणजे मशीन आज थांबतं आणि आकडा तीन वर्षांनी.

त्याच फोक्सवागन करारात एक छोटं कलम आहे, त्याची बातमी फारशी झाली नाही: दर वर्षी घेतल्या जाणाऱ्या प्रशिक्षणार्थींच्या जागा १,४००वरून ६००वर येणार, २०२६पासून. आत असलेल्या एकालाही धक्का न लावता ३५ हजार जागा कमी करायच्या, तर त्याची किंमत दाराबाहेर उभा असलेला देतो. इकडे यायची तयारी करणाऱ्यांनी कारखाने बंद पडल्याच्या बातम्यांपेक्षा हा आकडा जास्त गंभीरपणे घ्यावा.

तात्पुरती मंदी निभवायला कुर्त्सआर्बाइट आहे. काम कमी, तेवढा पगार कमी, आणि बुडालेल्या पगाराचा मोठा भाग बेकारी विम्यातून. किमान एक तृतीयांश कामगारांचा पगार दहा टक्क्यांहून जास्त बुडत असेल तर कंपनी अर्ज करू शकते, आणि नेहमीच्या नियमाने ही सोय बारा महिने मिळते. बुडालेल्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के मिळतात, मूल असेल तर ६७. उदाहरणादाखल गोल आकडे घ्या. नेहमीचा निव्वळ पगार २,६०० युरो. काम निम्मं झालं, निव्वळ १,५०० आले. फरक १,१००, त्याचे ६० टक्के ६६०. हातात पडले २,१६०. वेळ निम्मा गेला आणि पैसे सतराच टक्के, कारण विम्याची भर पडते आणि कमी पगारावर करही कमी लागतो. २००९ साली देशाचं उत्पन्न पाच टक्क्यांहून जास्त आकसलं, १४ लाखांच्या वर लोक कुर्त्सआर्बाइटवर गेले आणि बेकारी जेमतेम हलली. एप्रिल २०२०मध्ये हीच संख्या ६० लाखांपर्यंत गेली होती.

यातला खड्डा पुढच्या वर्षी येतो. कुर्त्सआर्बाइटची ही रक्कम करमुक्त असली तरी उरलेल्या पगारावर कराचा दर ठरवताना ती धरली जाते. वर्षात ४१० युरोंहून जास्त मिळाली असेल तर विवरणपत्र भरणं सक्तीचं आहे, आणि बऱ्याच जणांना परताव्याऐवजी भरणा निघतो. दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकलेले बरे.

सही करण्याआधी

पगाराच्या आकड्याकडे बघण्याआधी नोकरी कुणाची आहे ते बघावं. भारतातून येणारे बरेच इंजिनिअर प्रत्यक्षात मोटार कंपनीत बसतात, पण त्यांच्या पगारपत्रकावर इंजिनिअरिंग सेवा पुरवणाऱ्या कंपनीचं नाव असतं. मोटार कंपनीने खर्चकपात जाहीर केली की सामूहिक करारातली सगळी सुरक्षा तिच्या स्वतःच्या माणसांना मिळते आणि सेवापुरवठादाराचं कंत्राट तिमाही संपताच संपतं. ते वर्तमानपत्रात येत नाही, कारण तांत्रिकदृष्ट्या कुणाला काढलेलंच नसतं. ज्या व्हिसाला रोजगार संस्थेची संमती लागते त्यावर लाइआर्बाइटची परवानगी मिळत नाही, तेव्हा कंत्राटाची भाषा नीट वाचा. लाइआर्बाइटवर आधीपासून असाल तर नऊ महिन्यांनी समान पगाराचा हक्क आणि अठरा महिन्यांची कमाल मर्यादा या दोन तारखा कॅलेंडरवर लिहा. दोन्हींना सामूहिक करारातून फाटे फुटतात, म्हणून कुठला करार लागू आहे तेही विचारा.

मुदतीचं कंत्राट असेल तर कारण न देता ते जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं आणि तेवढ्यात तीनदा वाढवता येतं. काढून टाकण्याविरुद्धचं कायदेशीर संरक्षण सहा महिन्यांनी सुरू होतं, तेही दहाहून जास्त माणसं असतील तरच. बेट्रीब्सराट, म्हणजे कामगारांनी निवडलेली समिती, आहे का? ती निवडायला पाच कामगार पुरतात, पण लहान कंपन्यांत बहुधा नसते.

कंपनीचा वार्षिक ताळेबंद उंटरनेमेन्सरेगिस्टर या सरकारी नोंदणीत फुकट वाचायला मिळतो. नफा-तोटा सगळेच बघतात. तुम्ही ‘र्‍युकश्टेलुंगेन’ हा भाग उघडा, म्हणजे पुढच्या खर्चासाठी बाजूला काढलेली रक्कम. तिथे कर्मचारी कपात किंवा पुनर्रचनेसाठी मोठा आकडा दिसला, तर निर्णय झालेला आहे, जाहीर व्हायचा आहे किंवा नुकताच झाला आहे. ताळेबंद वर्ष-दीड वर्ष जुना असतो हे मात्र ध्यानात ठेवा.

आणि पत्र आलंच तर

नोटीस हातात पडल्यापासून तीन आठवड्यांच्या आत कामगार न्यायालयात दावा गेला नाही, तर चुकीची नोटीससुद्धा वैध ठरते. रोजगार संस्थेकडे ‘काम शोधतोय’ अशी नोंद नोकरी संपायच्या तीन महिने आधी करायची असते, आणि तेवढी मुदत नसेल तर कळल्यापासून तीन दिवसांत. बहुतेक कामाच्या परवान्यांवर, नोकरी मुदतीआधी संपणार असल्याचं कळल्यापासून दोन आठवड्यांत परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला लेखी कळवावं लागतं. कंपनी आपलं वेगळं कळवते, ते तुमच्या खात्यात धरत नाहीत.

नोटीशीऐवजी आउफहेबुंग्सफर्त्राग, म्हणजे परस्परसंमतीने राजीनामा पुढे सरकवला, तर तिथल्या तिथे सही करू नका. त्या सहीमुळे बेकारीभत्ता बारा आठवड्यांपर्यंत थांबू शकतो. बरोबर मिळणारी आबफिंडुंग, म्हणजे एकरकमी भरपाई, किती असावी याचा रुळलेला हिशोब नोकरीच्या प्रत्येक वर्षाला अर्ध्या महिन्याचा ढोबळ, म्हणजे कपातीआधीचा, पगार असा आहे. मोठ्या कंपन्या त्याहून बऱ्याच वर जातात, लहान कंपन्या त्याहून खालूनच सुरुवात करतात. बेकारीभत्त्यासाठी आधीच्या तीस महिन्यांत बारा महिन्यांचा विमा भरलेला हवा. तेवढाच असेल तर भत्ता सहा महिने मिळतो, चोवीस महिने भरला असेल तर बारा.

मोठी कपात असेल तर ट्रान्सफरगेझेलशाफ्टचा पर्याय मिळतो. ही एक तात्पुरती कंपनी. जास्तीत जास्त बारा महिने तुम्ही तिच्या नावावर असता, कुर्त्सआर्बाइटच्याच ६० किंवा ६७ टक्क्यांच्या हिशोबाने पैसे येतात, जुनी कंपनी बहुधा वर भर घालते, आणि या काळात प्रशिक्षण आणि नोकरीचा शोध चालतो. बेकारीभत्त्याचं घड्याळ यानंतर सुरू होतं, ही तिची खरी किंमत. तिच्यात जायचं तर जुन्या नोकरीवरचा हक्क सोडल्याची सही द्यावी लागते, आणि निर्णयासाठी अनेकदा काहीच दिवस मिळतात. तो कागद आधी बेट्रीब्सराटला किंवा युनियनच्या वकिलाला दाखवावा. युनियनचं कायदेशीर साहाय्य मात्र बहुतेक ठिकाणी सभासदत्वाचे काही महिने भरल्यावरच लागू होतं, तेव्हा सभासद व्हायचं तर पत्र यायच्या बरंच आधी व्हावं लागतं.